आप्पांची निळी पट्टी

भीमाशंकरनं घराचा तक्ता भिंतीला डकवला त्याला अकरा महिने झाले होते, आणि या अकरा महिन्यांत घरात कुणाचंही काही अडलं नव्हतं. हे आधी कबूल केलं पाहिजे. तक्ता वाईट नव्हता.

मल्लिनाथआप्पांचा हा थोरला मुलगा नांदेडला, रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. डांबर कधी येणार, रोलर कधी मोकळा होणार, एका पुलाचं काम रखडलं तर पुढचं किती दिवस लांबणार, हे सगळं तो कागदावर आडव्या पट्ट्या ओढून सांगायचा, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. धाकटा हरिओम लातूरला होता, औषधांच्या कंपनीत, कायम फिरतीवर. त्याची बायको पुनम बाळंत झाली, आणि पोरगी सात महिन्यांची होते न होते तोच तिला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली. लातूरला अशी नोकरी लागणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. इकडे भीमाशंकरची बायको तनुजा जिल्हा परिषदेच्या शाळेवर रोज अर्धापूरला जा-ये करायची. म्हणजे दोन गावांत दोन घरं, दोन्ही घरांत नवरा-बायको कामावर, एक शाळेतली नात, एक पाळण्यातली नात, आणि दोन म्हातारी माणसं.

आपल्या भागात आई-बापांची पाळी लावायची रीत जुनी आहे. चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे. काही घरांत तर आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे अशी सरळ वाटणीच होते, आणि वाटणीच्या दिवशी परात कुणाला आणि घागर कुणाला यावर जितकी चर्चा होते तितकीही यावर होत नाही. भीमाशंकरला ही पाळीची भाषा आवडत नसे. शिकल्यासवरल्या घरात हे शोभत नाही, असं तो म्हणायचा. म्हणून त्यानं तक्ता केला. प्रत्येकाच्या नावाची एक ओळ, प्रत्येकाचा एक रंग, आणि कुणी कुठल्या गावी, कुठल्या वेळी, कुठलं काम करायचं त्याच्या पट्ट्या. आप्पांचा रंग निळा. त्यांची बायको महादेवी, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, तिचा तांबडा. निळी पट्टी नांदेडच्या रकान्यात होती आणि तांबडी लातूरच्या. वाटणी हा शब्द कुणीही काढला नाही.

भीमाशंकरच्या तरोडा नाक्याच्या फ्लॅटमध्ये तक्ता हॉलच्या मुख्य भिंतीवर होता. तिथं आधी असलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता भीमाशंकर लॅपटॉप उघडून बसायचा, तिकडून लातूरचे दिसायला लागायचे, आणि वीस मिनिटांची बैठक व्हायची. प्रत्येकाला तीनच प्रश्न. काय झालं, काय राहिलं, काय अडलं. आप्पांची पाळी आली की ते घसा खाकरून सांगायचे, "समदं झालं. राह्यलं न्हाई. अडलं काईच न्हाई." मग भीमाशंकर म्हणायचा, "छान," आणि पुढच्या माणसाकडे जायचा. मघाशी म्हटलं तसं, खरोखरच काही अडत नव्हतं.

पडद्यावर महादेवी कोपऱ्यात दिसायची, मांडीवर पोरगी. तिच्या पाळीला ती म्हणायची, "माझं बी तसंच."

एरवी आठवड्यातून दोन-तीनदा तिचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

"बरं. पोरगी उठली, ठिवते."

दिवाळीत सगळे दोन दिवस नांदेडला आले होते. बायका आतल्या खोलीत झोपल्या, बाप्ये हॉलमध्ये. निघताना चपला शोधता शोधता महादेवी म्हणाली, "वाळलात." आप्पा म्हणाले, "न्हाई, सदरा ढिला हाय." अकरा महिन्यांत समोरासमोर झालेलं बोलणं ते तेवढंच.

आप्पांना तिच्याशी काही बोलायचं होतं असंही नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यात दोघांचं बोलणं कधी फारसं झालंच नव्हतं. आप्पा कंधारच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. दिवसभर 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसायचे, आणि घरी आले तरी त्याच पाटीखाली बसल्यासारखे असायचे. त्यांना एवढंच हवं होतं की महादेवी ज्या घरात आहे त्या घरात आपण असावं. बस. पण कारण काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. ज्याचं कारण सांगता येत नाही ते मागू नये, असा त्यांचा जन्माचा स्वभाव. म्हणून त्यांनी ते कुणाजवळ काढलं नव्हतं. तिच्याजवळसुद्धा.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भीमाशंकरनं पुढचा तक्ता दाखवला.

"पोरगी तीन वर्षांची झाली की बालवाडीत जाईल," तो म्हणाला. "तोवर आहे हीच व्यवस्था चालू ठेवायची. चांगली बसलीय घडी. कशाला मोडायची?"

हरिओम म्हणाला, "बिलकुल, दादा."

नवा तक्ता लांब होता. भीमाशंकरनं तो जुन्याच्या शेजारी लावला तेव्हा तो खिडकीच्या चौकटीपर्यंत गेला. आप्पांनी निळी पट्टी बघितली. ती कुठेही तुटत नव्हती. खाली तांबडी, तीही तशीच. आगगाडीच्या रुळांसारख्या दोन्ही शेवटपर्यंत समांतर. त्यांनी महिने मोजले. अठरा आणि वर काही दिवस. आप्पांचं वय एकोणसत्तर होतं.

त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय असतो आणि नसतो, तसं काहीसं होतं ते, आणि बरेच दिवस होतं. त्यांनी चहाचा कप विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर त्यांनी भीमाशंकरच्या कपाटातून त्याचं पुस्तक काढलं. कुठलासा कोर्स करताना त्यानं घेतलेलं, जाडजूड, इंग्रजी. बांधणी खिळखिळी झाली होती. आप्पांनी आधी तिला खळ लावून पाठीमागून कापड चिकटवलं, खाकी कागदाचं कव्हर घातलं, आणि मगच ते वाचायला घेतलं. शब्दकोश शेजारी ठेवून दिवसाला चार-पाच पानं. मनात हेतू चोरटाच होता. मुलाच्या तक्त्यात कुठंतरी चूक सापडेल, कुठंतरी असं निघेल की इथं दोघांनी एका जागी असणं गरजेचं आहे, असं त्यांना वाटत होतं. चूक पुस्तकातून काढून दाखवली म्हणजे ती मागणी ठरत नाही.

चूक सापडली नाही. पण आठव्या दिवशी एक प्रकरण सापडलं. कुठल्याही प्रकल्पात काही कामं अशी असतात की त्यांतल्या एकाला एक दिवस उशीर झाला तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. अशा कामांची जी साखळी तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. बाकीची कामं थोडी मागंपुढं झाली तरी चालतं. जितकं चालतं तितका त्या कामाचा फ्लोट. आप्पांनी हे प्रकरण दोनदा वाचलं. मग ट्रंकेतून कार्डांचा गठ्ठा काढला. वाचनालयाची जुनी तालिका रद्दीत निघाली तेव्हा त्यांनी तो उचलून आणला होता. एका बाजूला पुस्तकांची नावं, दुसरी बाजू कोरी. एकेका कोऱ्या कार्डावर त्यांनी एकेक काम लिहिलं. महादेवीची कामं आधी. सकाळी सातला पुनम जाते, तेव्हा पोरगी हिच्याकडे. आंघोळ, भरवणं, झोपवणं, तिच्या झोपेत स्वयंपाक. बाराला पुनम येते, तीनला परत जाते, सातला येते. कुठल्याही कार्डाला फ्लोट निघेना. महादेवी एक तास बसली तर लातूरला एका वर्गातली शंभर मुलं बसून राहणार. एकेचाळीस वर्षांत आप्पांच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं की ही बाई एक तास बसली तर काही थांबतं.

मग त्यांनी आपली कार्डं मांडली. सकाळी सहाला नाक्यावरून दूध आणणं. पावणेसातला शिवलीलाला, म्हणजे थोरल्या नातीला, शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडणं. एक दिवसाआड नळ आला की टाकीकडे लक्ष ठेवणं. दुपारी वर्तमानपत्र वाचून घराच्या कामाच्या बातम्यांची कात्रणं काढून फाइलला लावणं. संध्याकाळी कुंड्यांना पाणी.

कात्रणांपासून सुरुवात करायला हरकत नव्हती. त्या दिवशी त्यांनी कात्रण काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रात्री तनुजानं तक्त्यावर त्या चौकोनात नेहमीसारखी बरोबरची खूण केली. फाइल कुणी उघडली नाही. आप्पांनीच उघडून बघितली, तर जानेवारीपासूनच्या कात्रणांचा अजून शाईचा वाससुद्धा गेलेला नव्हता.

नळाच्या दिवशी ते मुद्दाम गच्चीवर गेले नाहीत. टाकी भरली, खट् असा आवाज झाला आणि मोटर आपोआप बंद पडली. तो खटका आधीपासून बसवलेला होता. आप्पांनी गेले अकरा महिने त्याच्या शेजारी उभं राहून, तो वाजल्यावर, 'झालं' असं म्हटलं होतं.

शिवलीलाबरोबर चालताना त्यांनी विचारलं, "मी नसलो तर भ्या वाटंल का ग?"

ती बारा वर्षांची. म्हणाली, "कशाचं, आप्पा? मी तर तिसरीपासून एकटीच जाते." मग जरा थांबून, "तुम्ही मागून येता ना, तर मला हळू चालावं लागतं. व्हॅनवाले काका ओरडतात."

"मग सांगायचं न्हाई का?"

"मम्मी म्हणली, आप्पांना सांगू नको."

कुंड्यांना दोन दिवस पाणी घातलं नाही, तरी माती ओलीच होती. राहिलं दूध. दुसऱ्या दिवशी नाक्यावर थंडी चांगली होती. दूधवाला माणिकप्पा मफलर गुंडाळून बसला होता. पिशव्या देता देता म्हणाला, "आप्पा, तुमची बी कमाल हाय. थंडी न्हाई, पाऊस न्हाई. खामखा कशाला हाल करून घेताव? गाडी तुमच्या दारावरनंच जाती की."

"गाडी दारावरनं जाती?"

"तर! चार वर्षं घरपोच टाकत होतो. मागच्या जानेवारीत तुमच्या सूनबाईंनीच बंद करायला लावलं. म्हणल्या, आता आमचे आप्पा येत जातील, त्येवढंच त्यांला काम."

"बरं," आप्पा म्हणाले.

ते दूध घेऊन घरी आले. पातेल्यात ओतलं. मग आपल्या पाच कार्डांवर फ्लोटच्या जागी काय लिहायचं याचा विचार करत बसले. पुस्तकात दिवसांचे आकडे होते. इथं आकडा निघत नव्हता. शेवटी त्यांनी पाचही कार्डांवर 'पूर्ण' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. आयुष्यभर कार्डं लिहिल्याचा हात होता तो.

आता त्यांच्यापुढे जे होतं ते साधं होतं आणि तेच त्यांना करवेना. लातूरला जायचं तर कारण हवं. कारण एकच सापडलं होतं. नांदेडला आपला काही उपयोग नाही. ज्या गोष्टीची भीती त्यांनी जन्मभर बाळगली, शाळेत, वाचनालयात, मुलांच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभं असताना, तीच गोष्ट आता स्वतःच्या तोंडानं, पुराव्यासकट, सगळ्या घरापुढे सिद्ध करायची होती. सिद्ध झाली तर महादेवी. नाही झाली तर अठरा महिने. दोन रविवार त्यांनी "समदं झालं" म्हणून काढले. मधल्या दिवसांत तीनदा हिशेब तपासला. आपली चूक निघेल अशी थोडी आशाही होती, का कुणास ठाऊक.

तिसऱ्या रविवारी भीमाशंकर म्हणाला, "आप्पा?"

"मला जरा सांगायचंय."

"बोला की. अडलंय काई?"

"अडलं न्हाई. तेच सांगायचंय."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कार्डं काढली. ती टेबलावर ओळीनं मांडली आणि वाचायला लागले.

"घराचा जो क्रिटिकल पाथ हाय..."

भीमाशंकरनं मान वर केली. "काय म्हणलात?"

"क्रिटिकल पाथ. तुझं पुस्तक वाचलं. कव्हर घातलंय त्याला, काळजी करू नको."

पडद्यावर हरिओम हसला. "घ्या, दादा! आता आप्पा हेल्मेट घालून तुमच्या साइटवर येतेत बघा. सांभाळा खुर्ची."

"हरिओम, गप की जरा. बोला, आप्पा."

"दूध," आप्पा म्हणाले. "घरपोच येऊ शकतंय. माणिकप्पाची गाडी दारावरनं जाती. शिवलीला. एकटी जाती, तिसरीपासून. पाणी. मोटर आपली आपण बंद होती. कात्रणं. तीन आठवडे झाले, एक बी काढलं न्हाई. कुणाला कळलं का?"

 तनुजानं तक्त्याकडे बघितलं. तिथं तीन आठवड्यांच्या खुणा होत्या.

"कुंड्यांचं बी तसंच हाय. म्हणजे माझी पट्टी काढली तर तक्ता हलत न्हाई. मी तीनदा बघितलं. तू बघ."

भीमाशंकरनं कार्डं हातात घेतली. एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरचं काम तपासावं तशी एकेक करून वाचली, महादेवीची सुद्धा. एका ठिकाणी बोट ठेवून मनाशी बेरीज केली. मग म्हणाला, "बरोबर हाय." आणि म्हटल्यावर आपण काय म्हटलं ते त्याला कळलं. त्यानं कार्डं खाली ठेवली.

"आप्पा, आमचं काई चुकलं का?" तनुजाचा आवाज बारीक झाला होता. "कुणी काई बोललं का तुम्हाला?"

"न्हाई ग, बाई. तुम्ही लई केलं."

"मग कंधारला जाऊन एकटं राह्यचं म्हणताव का?" भीमाशंकर म्हणाला. "ते जमणार न्हाई."

"लातूरला."

"लातूरला काय काम हाय?"

तो रागानं बोलला नव्हता. ती त्याची धंद्यातली सवय होती. माणूस इथून उचलून तिथं ठेवायचा तर तिथं त्याचं काम दाखवावं लागतं. पडद्यावर हरिओम आणि पुनम बघत होते. त्यांच्यामागं महादेवी, आणि पोरगी तिचा पदर ओढत होती. दोन मुलं, दोन सुना. आप्पांच्या पिढीतला माणूस एवढ्या लोकांपुढे ते उत्तर देत नाही. एका माणसापुढेही देत नाही.

"काम न्हाई," ते म्हणाले.

"इथं दोनच खोल्या हायत, आप्पा," हरिओम म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हॉलमध्ये झोपावं लागंल. मी आलो की आपण दोघं."

"झोपंन की."

मग तनुजा टेबलाकडे बघत म्हणाली, "अव्वांनीच सांगितलं होतं. मागच्या जानेवारीत. आप्पांना काई ना काई काम देत जा, रिकामं बसू देऊ नका म्हणून. त्यासाठीच तर दूध..." आणि तिथं थांबली.

सगळे पडद्याकडे बघायला लागले. पुनम बाजूला सरकली. महादेवीनं पोरीचा हात पदरातून सोडवला.

"हाव, मीच म्हणले," ती म्हणाली. "रिटायर झाले तवा बघितलं न्हाई का? चार महिने भिंतीकडं बघत बसले. पेपर न्हाई, पुस्तक न्हाई. माणूस हातचा जातो का काय असं झालतं मला. म्हणून म्हणले, त्यांच्या हाताला काम ऱ्हाऊ द्या. मी इकडं गेल्यावर कोण बघणार होतं?"

आप्पांना ते चार महिने आठवले. कंधारचं भाड्याचं घर, वेताची खुर्ची. त्यांना सांगायचं होतं की ज्या भिंतीकडे मी बघत होतो त्या भिंतीतच स्वयंपाकघराचं दार होतं, आणि ते दिवसभर उघडं असायचं. पण रविवारच्या बैठकीत सांगण्यासारखं ते नव्हतं.

"मी बरा होतो," ते म्हणाले.

"मग बोलायचं न्हाई का तसं?"

"तू विचारलं न्हाईस."

"आता ह्यांला इचारायचं बी असतंय," महादेवी पुनमला म्हणाली, आणि पोरीला घेऊन उठली, कारण दूध तापत ठेवलं होतं.

बैठक वीस मिनिटांच्या पुढे गेली होती. भीमाशंकरनं घड्याळ बघितलं, मग ते बघितल्याबद्दल ओशाळला. "बुधवारपासून ठेवू?" त्यानं विचारलं. "बुधवारी मला साइटला उशिरा जायचंय, स्टँडवर सोडतो."

"ठेव."

त्यानं लॅपटॉपवर निळी ओळ निवडली. यंत्रानं विचारलं, नक्की काढायची का? त्यानं होय केलं. ओळ गेली, आणि खालच्या ओळी एक एक घर वर सरकून बसल्या. कोपऱ्यात शेवटची तारीख असते ती एकदा लुकलुकली आणि होती तीच राहिली. भीमाशंकरनं पडदा थोडा आपल्याकडे वळवला. पण आप्पांनी तारीख बघितली होती. हिशेब बरोबर होता.

जायच्या आधी कुणाला काही सोपवायचं नव्हतं. मंगळवारी त्यांनी पुस्तक कपाटात जागच्या जागी ठेवलं. तनुजानं माणिकप्पाला फोन केला. बुधवारी सकाळी दूध दारात आलं, शिवलीला पळत पळत व्हॅनकडे गेली, आणि भीमाशंकर त्यांना मोटारसायकलवरून स्टँडवर सोडताना दोन गाड्यांच्या मधून जाताना म्हणाला, "आप्पा, तुम्हाला तिकडं करमलं न्हाई तर लगेच फोन करायचा. लाजायचं न्हाई."

"हाव."

"खरंच करायचा."

"करतो की."

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. आप्पांनी वाटेत वाचायला स्वतःचं एक पुस्तक बरोबर घेतलं होतं, पण ते वाचलं नाही. बाहेर तुरी उभ्या होत्या. आपण मोठी गोष्ट मिळवली असं त्यांना वाटायला हवं होतं. त्यांनी वाट बघितली. चाकूर आलं तरी तसं काही वाटलं नाही. आपण उगीच सगळ्यांना त्रास दिला का, असं मात्र दोनदा वाटलं.

लातूरला औसा रोडवरच्या हरिओमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली तेव्हा दीड वाजला होता. महादेवीनं दार उघडलं. कडेवर पोरगी, एका हाताला पीठ.

"आलात? पिशवी आत घ्या. कडी लावा, ही बाहेर पळती."

त्यांनी कडी लावली. ती आत गेली.

जेवणं झाली. तीन वाजता पुनम क्लासला निघाली. चपला घालता घालता दारात थांबली आणि अवघडून म्हणाली, "आप्पा, तुम्हाला कंटाळा येईल म्हणून विचारते, काही काम सांगू का? म्हणजे साधंच. कपाटातली पुस्तकं लावायची आहेत माझी."

आप्पा उठायला लागले.

"काई सांगू नको," आतून आवाज आला. "बसू दे त्यांला."

हे मायेनं म्हटलं की कंटाळून, ते आप्पांना कळलं नाही. पुनम 'बरं' म्हणून गेली. ते प्लास्टिकच्या खुर्चीत परत बसले.

महादेवीनं पोरीला झोपवलं. मग भांडी घासली. मग बाल्कनीतले कपडे काढून आणले, आप्पांच्या समोर दिवाणावर त्यांच्या घड्या घातल्या, आणि त्या घेऊन आत गेली. मग कुकर लावला. मग बराच वेळ फक्त विळीचा आवाज येत राहिला. आप्पा खुर्चीतच होते. त्यांच्या पायांवर खिडकीतलं ऊन आलं होतं. ऊन होतं एवढंच कळत होतं, ते गरम आहे का ते नीट कळत नव्हतं.

साडेचारच्या सुमाराला ती झाडू घेऊन हॉलमध्ये आली. दिवाणाखालून झाडलं, दाराच्या कोपऱ्यातून झाडलं, आणि खुर्चीपाशी येऊन थांबली.

"पाय वर घ्या."

आप्पांनी दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. तिनं वाकून खुर्चीखालून झाडू फिरवला. एकदा, आणि कोपऱ्यात राहिलं होतं म्हणून परत एकदा.

"ठिवा आता," ती म्हणाली.

त्यांनी पाय खाली ठेवले. उन्हातली फरशी तळव्यांना गरम लागली.